बुट्टीतला महिला विभाग

आमच्या पेठेच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "बाई, नोकरीतल्या आठवणी लिहा. फक्त पुस्तकांविषयी नको, लोक पान उलटतात." हे म्हणजे हलवायाला गोडाबद्दल अवाक्षर काढू नको म्हणण्यासारखं झालं. मी त्यांना चहा दिला, हो म्हटलं, आणि मनाशी ठरवलं की लिहीन ते मेलबर्नच्या निहार आणि रियासाठी. कारण मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रियाने विचारलं होतं, "आजी, तू लायब्ररीत दिवसभर काय करायचीस? नुसतं 'श्शऽऽ' म्हणायचीस?" संपादकांना पटलं तर त्यांनी छापावं.

तर मुलांनो, तुमची तिकडची लायब्ररी मी पाहिली आहे. काचेचं दार आपोआप उघडतं, पुस्तक परत घ्यायला यंत्र आहे आणि कोपऱ्यात कॉफी मिळते. माझी लायब्ररी तालमीच्या वर होती.

तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. खाली लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेले गदा-मुद्गल, कोनाड्यात शेंदरी मारुती, आणि लंगोट घालून जोर मारणारी मुलं. पेठेतल्या जुन्या मंडळींनी शरीर खाली आणि मन वर असा सोयीचा विचार करून माडीवर वाचनालय काढलं. विचार उत्तम होता. फक्त वर जायचा जिना तालमीच्या आतून, मारुतीच्या समोरून आणि हौद्याच्या कडेने जात होता. आणि तालमीत बायकांनी पाऊल ठेवायचं नाही, हा नियम इमारतीपेक्षाही जुना होता.

मग मी कशी गेले? तीही गंमतच. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, वर ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केलेली, नेमणुकीचा कागद घेऊन पहिल्या दिवशी उंबऱ्याशी उभी राहिले. आत खुर्चीवर वस्ताद बसले होते. वस्ताद म्हणजे कुस्ती शिकवणारे गुरू. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, आवाज हौद्यातून आल्यासारखा.

"काय पायजे?"

"मी नवीन ग्रंथपाल."

"बाई?"

"हो."

वस्तादांनी माझा कागद उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "पगार सरकार देतंय का मंडळ?"

"सरकारी अनुदानातून मिळतो."

"मग सरकारी हाय तुमी. सरकारी मानसाला बाई-बाप्या नसतंय. जावा वर."

आणि नोकरीची सगळी वर्षं मी त्या जिन्यावरून सरकार म्हणून चढले-उतरले.

पण पेठेतल्या बाकीच्या बायका सरकारी नव्हत्या. वाचणाऱ्या मात्र पुष्कळ होत्या. त्यांच्यासाठी आम्ही बुट्टी ठेवली होती. बुट्टी म्हणजे आपली वेताची टोपली. वाचनकक्षाची खिडकी बोळात उघडायची. खाली बाई उभी राहून ओरडून पुस्तक मागायची, मी दोरीने बुट्टी सोडायची. ती जुनं पुस्तक बुट्टीत ठेवायची, मी नवं धाडायची. पाऊस असला की वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. दरवर्षी मी मंडळाला अर्ज द्यायची की बोळाच्या बाजूने बायकांसाठी वेगळा जिना बांधा. दरवर्षी उत्तर यायचं, "बघूया की."

आता माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बाबांच्या खेळण्यांनासुद्धा मी क्रमांक घातले होते. लायब्ररीत प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर विषयाचा आकडा असतो, म्हणजे हजारो पुस्तकांतून हवं ते एक मिनिटात सापडतं. हे मी वाचकांना हौसेने समजावून सांगायची. ते मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "व्हय व्हय. ते मागच्या टायमाचं निळ्या कव्हरचं द्या की."

बुट्टीची अडचण आणखी वेगळी. बोळात उभं राहून पुस्तक मागायचं म्हणजे कोण काय वाचतंय ते सगळ्या बोळाला कळणार. धार्मिक पुस्तक असेल तर बायका खणखणीत आवाजात मागायच्या. प्रेमकथा कशी मागायची? शिवणकाम करणारी मंगल नावाची मुलगी सासूच्या देखत बोळातून ओरडायची, "बाई, लोणच्याचं पुस्तक सोडा!" मला कळायचं. मी गुलाबी कव्हरची एखादी कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळून सोडायची. हळूहळू सगळ्या बोळात लोणच्याची मागणी वाढली. एकदा मी रजेवर असताना बदली माणसाने मंगलला खरोखरच लोणच्यांचं पुस्तक पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिने ते बुट्टीत आपटलं आणि खालून ओरडली, "बाई, ह्यात नुसता मसाला हाय, चव न्हाय!" तिच्या सासूनेही मान डोलावली म्हणे.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना तपासणीचं पत्र आलं.

सरकार अनुदान देतं म्हणजे अधूनमधून येऊन बघतंही. पुस्तकं किती, वर्तमानपत्रं कोणती, पंखे फिरतात का, हे तपासून शेरा मारतात. शेरा वाईट आला तर वाचनालयाची मान्यता जाते. आणि त्या वर्षी आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तालमीतल्या तरुण मुलांना माडीवर मशिनीवाली जिम हवी होती. आरसे, धावायचा पट्टा, गाणी. मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं की तपासणीत वाचनालय नापास झालं तर माडी जिमला द्यायची, पुस्तकं खोक्यांत भरून एखाद्या शाळेला. मी निवृत्तीला आले होते. माझं काय, मी घरी बसून वाचलं असतं. पण बोळातल्या बायकांना बुट्टी कोण सोडणार?

पत्र घेऊन आमचे कार्यवाह आबा माझ्या टेबलाशी आले. आबा म्हणजे मंडळाचा सगळा कारभार बघणारे गृहस्थ, मनाने चांगले, पण कागदावर जरा सढळ.

"बाई, एक घोटाळा झालाय."

"काय?"

"दरवर्षीच्या अहवालात 'महिला विभाग' म्हणून रकाना असतोय बघा. त्यात मी 'आहे' असं लिवत आलोय."

"आबा, कुठे आहे महिला विभाग?"

आबांनी खिडकीतल्या बुट्टीकडं बोट दाखवलं. "हाय की."

"आणि तपासणीला काय बघायचं आहे त्यांना?"

"खास तेच. लिवलंय इथं. महिला विभागाची प्रत्यक्ष पाहणी." आबांनी घाम पुसला. "आन् शनवारी येणारायत."

"मग तुम्ही थांबा शनिवारी माझ्याबरोबर."

आबांचा चेहरा पडला. "शनवारी मॅच हाय ओ बाई."

रिया, निहार, आमच्याकडं पेठेचा फुटबॉलचा सामना असला म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगून समजणार नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा राहत नाही. लग्नाच्या तारखा बघताना ब्राह्मणाच्या आधी सामन्यांचं वेळापत्रक बघतात. सरकारी पत्राने आबा मागे राहतील ही अपेक्षाच चूक होती. शनिवारी दुपारी जेवणं उरकली आणि पेठ रिकामी झाली. पिवळे झेंडे, शिट्ट्या, मोटारसायकली सगळं मैदानाकडं गेलं. तालमीत फक्त वस्ताद उरले. त्यांना फुटबॉल अजिबात मान्य नव्हता. "बावीस जणांनी एका चेंडवाला लाथा घालायच्या, आन् माती अंगाला लागू द्यायची न्हाय," असं ते म्हणायचे.

मी वाचनकक्ष झाडला, मासिकं लावली, आणि बुट्टीकडं पाहत बसले. मग उठले आणि बोळात उतरले.

पहिलं घर हौसाक्कांचं. हौसाक्का म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या वाचक. घरी चार म्हशी, तालमीला दूध त्यांचंच. त्या म्हैस धूत होत्या. मला खाली बघून त्यांनी पाण्याची नळी बाजूला केली.

"बाई, तुमी बोळात? कोण खपलं का काय?"

"कुणी नाही. वाचनालय जायची वेळ आलीय." मी सगळं सांगितलं. "तुम्ही सगळ्या वर येऊन बसा. तुमच्याच वाचनालयात. दुसरं काही नको."

"वर? तालमीतनं?" हौसाक्का गालावर हात ठेवून म्हणाल्या. "माझी सासू वरनं बघत असंल."

"सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, हौसाक्का."

"म्हणून तर वरनं म्हटलं."

पण त्यांचा हात एव्हाना नळ बंद करायला गेला होता. "थांबा. लुगडं बदलून येतो." आमच्या कोल्हापूरच्या बायका 'येतो, जातो' असंच म्हणतात, दचकू नका.

अर्ध्या तासात बोळ गोळा झाला. हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या सगळ्या इस्त्रीच्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कुणी चिवडा घेतला होता, कुणी शेंगदाण्याचे लाडू. मंगल मशीन तशीच उघडी टाकून, गळ्यात शिलाईची टेप घेऊन आली होती. "बाई, ते लोणच्याचं कपाट मला एकदा डोळ्यानं बघायचंय," ती कानात म्हणाली.

उंबऱ्यात वस्ताद खुर्ची टाकून बसले होते.

"कुठं निघाली वरात?"

"वर," मी म्हटलं.

"तुमचं येगळं हाय बाई. तुमी सरकारी."

हौसाक्का पुढं झाल्या. "मग आज आमी बी सरकारीच कामाला निघालोय. इन्स्पेक्शन हाय. आमी दिसलो न्हाय तर माडी जातीया."

"गेली तर गेली. पोरं मशिनी मागत्यात."

"आस्सं." हौसाक्कांनी पदर खोचला. "वस्ताद, तुमची पोरं दूध कुणाच्या म्हशीचं पित्यात?"

"तुमच्या."

"म्हैस बाई का बाप्या?"

वस्ताद मारुतीकडं बघू लागले.

"बाईच की ओ! मग बाईचं दूध तालमीत चालतंय आन् बाई चालत न्हाय, हे कुठलं? उद्यापासनं बैलाचं काढून देतो, चालंल?"

मागं बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. वस्तादांचे मोडके कान लाल झाले. ते उठले. मला वाटलं आता दार लावतात. पण ते मारुतीच्या कोनाड्यापाशी गेले आणि त्यांनी पडदा ओढला.

"देवाची आरामाची येळ झाली," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. मग खुर्ची उचलली, जुन्या पैलवानांच्या फोटोंकडं तोंड करून ठेवली आणि आमच्याकडं पाठ करून बसले. "मी फोटू बघतोय. मागं काय चाललंय मला ठाव न्हाय."

आम्ही चपला हातात घेऊन जिना चढलो.

वर आल्यावर सगळ्या दारातच थबकल्या. मुलांनो, मी त्या कपाटांना रोज बघत होते, धूळ पुसत होते, आकडे चिकटवत होते. पण ती कपाटं पहिल्यांदा बघणाऱ्या बाईचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. हौसाक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुस्तकांच्या पाठीवरून हात फिरवत गेल्या, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसाच.

"एवढी पुस्तकं? आन् आमाला बुट्टीतनं एकेक?"

मग जो गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. माझे आकडे, माझा क्रम, माझं सगळं ग्रंथालयशास्त्र एका दुपारीत जमिनीवर आलं. पाककला ज्योतिषात गेली, प्रवासवर्णनं बालसाहित्यात. मंगलने लोणच्याचं कपाट शोधून काढलं आणि ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. दोघी जणी एकाच पुस्तकासाठी भांडल्या, शेवटी पानं वाटून घेऊ असं ठरलं, तेव्हा मात्र मी ओरडले.

हौसाक्कांनी सगळ्यांत जाडी कादंबरी निवडली. पण चष्मा म्हशीने तुडवला होता. मग त्या खिडकीत बसल्या आणि मंगल त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागली. देशमुखांची मुलगी, तिचं एका मास्तरशी जमलेलं, घरच्यांनी दुसरीकडं ठरवलेलं. मंगलचा आवाज शिवणयंत्रावर बोलायची सवय असलेला, त्यामुळं चांगला मोठा. हळूहळू एकेक बाई आपलं पुस्तक मिटून तिच्याभोवती सरकली. मुलगी घागर घेऊन विहिरीवर गेली, घागर काठावर ठेवली, आणि जिन्यात बुटांचा आवाज आला.

तपासणी अधिकारी एक तरुण मॅडम होत्या. खाली वस्तादांनी मान न वळवता त्यांना विचारलं होतं म्हणे, "सरकारी?" आणि सोडलं होतं.

मॅडमनी खोली बघितली, जमिनीवरची पुस्तकं बघितली, चिवडा बघितला.

"हा महिला विभाग?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी थेट हौसाक्कांना गाठलं. "आजी, तुम्ही इथे नेहमी येता?"

मी डोळे मिटले. हौसाक्कांना आयुष्यात खोटं बोलायचं कारण पडलं नव्हतं. दुधातसुद्धा त्या पाणी घालत नसत.

"छ्या! आज पयल्यांदाच आलोय."

"मग महिला विभाग कुठे असतो एरवी?"

"हा काय," म्हणत हौसाक्कांनी बुट्टी उचलून मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं: जिना, मारुती, बोळ, दोरी. लोणच्याचंही सांगितलं, तेव्हा मंगलने तोंड लपवलं. मॅडम बुट्टी घेऊन खिडकीशी गेल्या.

"सोडून दाखवा."

मी बुट्टी सोडली. बोळात एक म्हातारी, जिला जिना चढवत नव्हता, पुस्तक घेऊन उभीच होती. तिने ते बुट्टीत ठेवलं आणि वर बघून ओरडली, "बाई, आज वर कसला कालवा चाललाय ओ? माझं पुस्तक घ्या आन् दुसरं सोडा, मला मेलेलं कोण नको त्यात!" बुट्टी मॅडमनी स्वतः वर ओढली. ओढताना त्यांना हसू आवरेना. मग त्या टेबलाशी बसल्या, एक लाडू घेतला आणि शेरा लिहिला. मला वाचून दाखवला. महिला वाचक भरपूर आणि उत्साही आहेत. मात्र त्यांना वाचनकक्षात येण्याजाण्याची कायमची मोकळीक आढळली नाही. ती नसल्यास महिला विभाग नाही असं धरलं जाईल.

"मी पुन्हा येईन, न कळवता," त्या म्हणाल्या. "तेव्हा ह्या इथेच दिसल्या पाहिजेत. बुट्टीत नाही."

म्हणजे आजचं भागलं होतं. पण पुढचं सगळं खाली भिंतीकडं तोंड करून बसलेल्या एका माणसाच्या हातात होतं.

संध्याकाळी आम्ही चपला हातात घेऊन उतरलो. वस्ताद तसेच बसलेले. मी शब्द जुळवत होते. कायद्याचं बोलावं, का शेऱ्याचं, का गोडीगुलाबीने घ्यावं. तेवढ्यात पाठमोऱ्या वस्तादांचा आवाज आला.

"त्या पोरीचं काय झालं?"

"कुठल्या पोरीचं?" मी विचारलं.

"देशमुखाच्या. विहिरीवर गेल्ती. घागर ठिवली आन् तुमी वाचायचं थांबला."

मंगलने पुढचं पान मनातल्या मनात वाचलं होतं, ती सांगणार होती, पण हौसाक्कांनी तिला असा चिमटा काढला की ती कळवळली.

"आमाला तरी कुठं ठाव हाय, वस्ताद," हौसाक्का गरिबासारख्या म्हणाल्या. "पुढचं पान वर राहिलंय."

लांबून मोटारसायकलींचे आवाज येऊ लागले. शिट्ट्या नव्हत्या, म्हणजे पेठ हरली होती.

"दुपारच्या टायमाला देव रोजच आराम करतोय," वस्ताद म्हणाले. "पुस्तकं न्यायला रोज या, पर गोष्टीला शनवारी येळेवर या. आन् ते खिडकीतच वाचा, आत घुसून वाचू नका."

पुढच्या बैठकीत मुलांनी पुन्हा मशिनींचा विषय काढला. अधिकारी काहीही लिहू दे, म्हणाले, जागा आपली आहे. आबा माझ्याकडं बघेनात. सगळ्यांनी वस्तादांकडं पाहिलं, कारण त्यांचा शब्द मोडायची तिथं कुणाची छाती नव्हती.

"देशमुखाच्या पोरीचं काय ते एकदा ठरू द्या," वस्ताद म्हणाले. "मग मशिनीचं बघू."

कुठले देशमुख, कुठली पोरगी, कुणालाच कळलं नाही. पण वस्ताद कुणाचं तरी लग्न जमवतायत अशा समजुतीने सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, आणि एकाने तर ओळखीतलं स्थळही सुचवलं.

कादंबरी जाडी होती, तरी शनिवार सरत गेले. मधे मॅडम खरंच न कळवता येऊन गेल्या आणि लाडू खाऊन, चांगला शेरा लिहून गेल्या. पण तालमीतली मुलं देशमुखाच्या पोरीचं कधी ठरतंय याची वाट बघत होती. शेवटी एका शनिवारी मंगलच्या उजव्या हाताला दोनच पानं उरली. मुलीचं त्या मास्तरशीच लग्न लागत होतं. खाली तालमीत चिडीचूप. जिना चढायच्या आधीच हौसाक्कांनी मंगलला बजावलं होतं, "शेवटचं अक्षर झालं की श्वास घ्यायचा न्हाय." मी टेबलावर दुसरी कादंबरी काढून ठेवली होती. तिच्यापेक्षा जाडी. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुस्तक विषय बघून नाही, वजन बघून निवडलं होतं.

अक्षता पडल्या. हौसाक्कांनी डोळे पुसले. मंगलने एक पुस्तक मिटलं आणि त्याच दमात दुसरं उघडून वाचायला लागली. घाटातल्या एका फाट्यावर, भर दुपारी, एस. टी. थांबते आणि हातात पिशवी घेतलेली एक बाई एकटीच खाली उतरते.

खालून खुर्ची खिडकीच्या बाजूला सरकल्याचा आवाज आला. आणि मग वस्तादांचा.

"आता ही कोण?"